ओठ कुणी कापलेला नसतो
(रेडिओवरील भाषण)

आज मी एकच गोष्ट सांगायला आले आहे आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे. कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल, कुणी मध्येच दूध उतू जातंय म्हणून उठेल. गोष्ट अशी: बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला येतं, तेव्हा तो ओठ कुणी कापलेला नसतो. तो जोडला जायचा राहिलेला असतो.

आमच्या भिवंडीत असं बाळ जन्मलं की घर बाळाआधी आईकडे बघतं. 'ग्रहणात काय चिरलंस?' हा पहिला प्रश्न. पद्मानगरातल्या तेलुगू घरात हाच, यंत्रमागावर राबणाऱ्या मोमीन घरात हाच, आजूबाजूच्या गावांतल्या आगरी-कुणबी घरांतही हाच. ती ओली बाळंतीण मग आठवत बसते. विळीवर वांगं चिरलं होतं का? सुईत दोरा ओवला होता का? २०२२ साली ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण आलं होतं. घराघरांत पोटुशी बायका पाण्याचा घोटही न घेता कोपऱ्यात बसवलेल्या. सासूबाई, तुमची माया मला कळते, पण गरोदर सुनेला तहानलेली ठेवण्यात बाळाचं भलं नाही.

दिवाळीचं नाव निघालंच आहे, तर करंजीवरूनच सांगते. पारीत सारण भरलं की आपण कडेला दुधाचं बोट फिरवतो, पारी दुमडतो, कड दाबून घेतो. एखादी करंजी तळताना उकलते. तेव्हा 'हिला सुरी कुणी लावली?' असं कुणी विचारत नाही. कड चिकटली नव्हती, एवढंच आपण म्हणतो. बाळाच्या ओठाबद्दलही एवढंच म्हणायचं असतं.

गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात चेहऱ्याच्या जागी चेहरा नसतोच. तोंडाचा एक खळगा असतो आणि त्याच्याभोवती पाच उंचवटे. वर कपाळाकडचा एक, दोन बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. डोळे तेव्हा डोक्याच्या दोन अंगांना असतात, कान पार खाली मानेपाशी. मग हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांकडे सरकतात, डोळे पुढे येतात, कान वर चढतात. खालचे दोन उंचवटे आधी जुळतात. खालचा ओठ दुभंगलेलं मूल म्हणूनच फार क्वचित दिसतं. वरचं काम जास्त नाजूक. कपाळाकडच्या उंचवट्यावर नाकपुड्यांचे दोन खळगे पडतात, त्यांच्या आतल्या कडा मध्यावर येऊन मिळतात आणि गालांकडून आलेले उंचवटे त्यांना दोन्ही बाजूंनी भिडतात.

आत्ता आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवून बघा. नाकाखाली मधोमध उथळ पन्हळ लागते. ओठाचे सांधे त्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना असतात. दुभंगही बहुधा तिथेच असतो, मधोमध नव्हे. एका बाजूला असला तर जास्त वेळा डावीकडे. ज्याला कापल्याची खूण म्हणतात, ती न जुळलेल्या सांध्याची जागा आहे.

कडा नुसत्या भिडून भागत नाही. करंजीच्या कडेला कोरडं पीठ राहिलं तर कितीही दाबा, ती चिकटत नाही. गर्भातल्या कडांवरही पेशींचा एक पातळ थर असतो. दोन कडा टेकल्या की मधला थर विरून जावा लागतो, तेव्हा आतला भाग एकजीव होतो. कधी कडा एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत, कधी पोचतात पण हा थर विरत नाही. मग तिथे फट राहते.

आता वेळ लक्षात घ्या, कारण सगळं त्यावर आहे. वरच्या ओठाचा सांधा गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. गर्भ तेव्हा जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा. पाळी चुकून महिनाभरच झालेला असतो. कितीतरी जणींनी तोवर घरात सांगितलेलंही नसतं. पाचव्या महिन्यात ग्रहण आलं, सातव्यात आलं, तरी ओठाचं काम केव्हाच आटोपलेलं असतं. 'आणि ग्रहण नेमकं दुसऱ्या महिन्यात आलं तर?' असं मला विचारतात. तरीही विळीची धार भाजीलाच लागते, गर्भाला नाही. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एक बाळ असा ओठ किंवा टाळू घेऊन येतं, ग्रहण असलेल्या वर्षी आणि नसलेल्या वर्षीही, ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरी आणि न पाळणाऱ्यांच्या घरीही.

टाळूचं थोडं वेगळं. मी तोंडातल्या टाळूबद्दल बोलते आहे. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन बाजूंना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली बसते, पडदे वर उचलले जाऊन आडवे होतात आणि पुढून मागे जुळत जातात. कडेला सारण आलं की करंजीचं तोंड मिटत नाही ना, तशी जीभ मध्येच राहिली तर टाळू मिटत नाही. ओठ अगदी नीट आणि टाळू मात्र उघडी, अशीही बाळं असतात. म्हणून जन्मल्यावर प्रत्येक बाळाच्या तोंडात उजेड पाडून बघायला हवं.

मग हे होतं कशानं? काही घराण्यांत चालत येतं. विडी-सिगारेटचा धूर, दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो. औषध आपल्या मनानं बंद करू नका, दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोला. मशेरी लावणाऱ्या बायकांनो, तीही तंबाखूच आहे, ती सोडा. फोलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवाल तेव्हापासून घ्या. नाव नोंदवायला जाईपर्यंत थांबलात तर चेहरा घडून गेलेला असतो. आणि पुष्कळदा शोधूनही कारण सापडत नाही. तिथे आईला कारण ठरवू नका.

उपचारांचं भराभर सांगते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो पालघरला, आणि पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्या तपासणीच्या यादीत आहेत, पुढचे उपचार मोफत आहेत. आशाताईंना सांगा, बाळाला दडवून ठेवू नका. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत होते, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत, बोलणं पक्कं व्हायच्या आत. 'मुलगी आहे, लग्नाच्या वेळी बघू' हे ऐकलं की माझा जीव तुटतो. तोवर तिची शाळा, तिचं बोलणं, सगळं मागे पडतं. टाळू उघडी असली की कानही वारंवार बिघडतात, त्याबद्दल बोलायचं होतं, पण समोरून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे.

दूध पाजण्याचं तेवढं सांगून टाकते, कारण शस्त्रक्रियेसाठी बाळाचं वजन भरावं लागतं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं, छातीला धरून बघा. टाळू उघडी असेल तर ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. आपलंच दूध काढा आणि बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजा. बाळाला आडवं निजवून नाही, मांडीवर जवळजवळ बसतं धरून. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून मधे मधे थांबून खांद्यावर घ्या, ढेकर काढा आणि मग पुढचं पाजा.