गजानन मेहेंदळे : युद्धाभ्यासकाच्या नजरेतून शिवचरित्र

(वळ, ता. भिवंडी येथील व्याख्यानाचा मजकूर)



वळ गावाच्या शिवेवर उभे राहून चहूकडे पाहिले, तर आज गोदामांचे पत्रे दिसतात. देशाच्या कानाकोपऱ्यात जाणारा माल येथे चार दिवस विसावतो आणि मालमोटारींतून पुढे जातो. साडेतीनशे वर्षांपूर्वीही या परिसराचा व्यवसाय हाच होता. तेव्हा खाडीतून गलबते येत, आणि घाटमाथ्यावरून बैलांचे तांडे उतरत. हा मुलूख २४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असते. पण ही तारीख कोणत्या आधारावर सांगितली जाते, महाराजांनी नेमका तोच महिना का निवडला, भिवंडी हाती आल्याने त्यांच्या सैन्यबळात काय भर पडली, हे प्रश्न विचारणारे विरळा. आयुष्यभर असेच प्रश्न विचारत राहिलेल्या एका अभ्यासकाची ओळख करून घेण्यासाठी आजची ही सभा आहे. ते अभ्यासक म्हणजे गजानन भास्कर मेहेंदळे.

मेहेंदळे यांचा जन्म १९ डिसेंबर १९४७ चा, पुण्याचा. देश स्वतंत्र होऊन चार महिने झाले होते. पुणे विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर अभ्यासासाठी संरक्षणशास्त्र हा विषय घेतला, आणि या निवडीतच त्यांच्या पुढील कार्याचे बीज आहे. इतिहासाचा सामान्य विद्यार्थी लढाई वाचतो ती जय-पराजयासाठी. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत सिंहगडाच्या सावलीत शिकणारा छात्र तीच लढाई वेगळ्या रीतीने वाचतो. माणसे किती होती, वाट कोणती होती, दाणावैरण किती दिवसांची होती, पाऊस केव्हा उघडला, सेनापतीला शत्रूविषयी काय कळले होते आणि केव्हा कळले होते, हे तो विचारतो. मेहेंदळे कोणत्याही सैनिकी महाविद्यालयाचे अध्यापक नव्हते. गणवेशही त्यांनी कधी चढवला नाही. परंतु सैनिकी महाविद्यालयात घडवली जाणारी ही दृष्टी मराठ्यांच्या इतिहासाला त्यांच्याइतक्या चिकाटीने क्वचितच कोणी लावली असेल.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तीचे युद्ध झाले, तेव्हा ते ‘तरुण भारत’चे युद्धवार्ताहर म्हणून आघाडीवर गेले. वय अवघे तेवीस. ज्याने रणभूमी एकदा जवळून पाहिली, त्याला हे सांगावे लागत नाही की युद्धाची पहिली वार्ता बहुधा अपुरी असते, दुसरी बहुधा फुगवलेली असते, आणि खरे काय घडले ते जुळवायला पुष्कळ माणसांचे सांगणे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. पुढे सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात बसून त्यांनी जे केले ते हेच. फरक इतकाच, की साक्षीदार तीनशे वर्षांपूर्वी निवर्तले होते आणि त्यांचे जबाब मोडीत, फार्सीत, पोर्तुगीजमध्ये, इंग्रजीत आणि डच भाषेत विखुरले होते. मंडळ १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी स्थापन केले. ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी आपले आयुष्य तेथे वेचले. त्या परंपरेत गजाननराव मोडी आणि फार्सी शिकून रुजले.

आता भिवंडीकडे वळू. त्यांच्या पद्धतीची फोड करायला आपल्या अंगणातल्या घटनेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

नोव्हेंबर १६५६ मध्ये विजापूरचा महंमद आदिलशहा मरण पावला. गादीवर कोवळा मुलगा आला, कारभार बडी बेगमेच्या हाती गेला. औरंगजेबाने ती संधी साधून विजापूरवर स्वारी केली. पण सप्टेंबर १६५७ मध्ये दिल्लीत शहाजहान आजारी पडला, आणि औरंगजेबाचे सारे लक्ष तख्ताकडे लागले. दक्षिणेतली एक सत्ता जखमी, दुसरीने पाठ फिरवलेली. पावसाळा संपला होता, घाट मोकळे झाले होते. त्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली गेली आणि पाठोपाठ माहुलीचा किल्ला. नुसत्या धाडसाने हा महिना सापडत नाही. दिल्ली आणि विजापूर या दोन्ही दरबारांतली बित्तंबातमी हाती असल्याखेरीज तो निवडता येत नाही. युद्धाभ्यासक जेव्हा ‘हेरखाते’ असा शब्द वापरतो, तेव्हा तो अशा तारखा शेजारी शेजारी मांडूनच वापरतो.

भिवंडीने महाराजांना दिले ते खाडीचे पाणी, मागच्या जंगलातले साग आणि सुतार-खलाशांची वस्ती. म्हणजे आरमाराची सामग्री. याची साक्ष कोठे मिळते? ती मिळते पोर्तुगीजांच्या कागदांत. गोव्याच्या दफ्तरातले असे कागद उजेडात आणण्याचे थोर कार्य डॉ. पां. स. पिसुर्लेकरांनी केले. १६५९ च्या कागदांवरून दिसते, की शहाजीच्या या मुलाने भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधावयास घेतल्याने पोर्तुगीज धास्तावले होते. भिवंडीहून निघालेले जहाज समुद्रावर जायचे, तर वसईसमोरून किंवा ठाण्याच्या खाडीतून जावे लागे. दोन्ही तोंडे पोर्तुगीजांच्या हाती. म्हणून ही जहाजे बाहेर पडू देऊ नयेत, असा त्यांचा बेत ठरला. रुई लैतांव व्हिएगस नावाचा एक पोर्तुगीज जहाजबांधणीच्या कामावर होता. वसईच्या कप्तानाने त्याला फितवले, आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. कारागीर पळाले तरी आरमार उभे राहिलेच. शत्रूच्या तोंडून आलेली साक्ष म्हणून या कागदांचे मोल भाटांच्या शंभर कवनांहून अधिक आहे. या आरमारावर मेहेंदळे यांनी संतोष शिंत्रे यांच्यासह स्वतंत्र पुस्तक लिहिले.

(वसईच्या खाडीच्या त्या किल्ल्या पुढे ऐंशी वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती आल्या, आणि त्या मोहिमेसाठी झटलेले गंगाजी नाईक आपल्या शेजारच्या अंजूरचे. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.)

कल्याण-भिवंडीचा उल्लेख आला की श्रोत्यांच्या मनात आणखी एक प्रसंग उभा राहतो. कल्याणच्या सुभेदाराची सून. शालेय नाटकांतून, कीर्तनांतून आणि बौद्धिकांतूनही ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. समकालीन कागदांत तिला आधार मिळत नाही. ‘घटनेच्या काळाच्या जवळचा कागद दाखवा’ ही मेहेंदळे यांची कसोटी लावली, तर ही कथा बाजूला ठेवावी लागते. हे ऐकून काहींच्या मनाला लागेल. स्वाभाविक आहे. परंतु कथा बाजूला ठेवल्यावर हाती काय उरते, तेही पाहिले पाहिजे.

एक, रांझे गावच्या पाटलाविषयीचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र. बाबाजी गुजर या पाटलाने बदअंमल केला, म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. शिक्षा देणारा राजा त्या वेळी सोळा वर्षांचाही झालेला नव्हता. दुसरी साक्ष खाफीखानाची. हा मोगलांचा इतिहासकार महाराजांचा कट्टर द्वेष्टा. त्यांच्या मृत्यूचे वर्ष सांगताना ‘काफिर जहन्नमात गेला’ अशा अर्थाचे शब्द त्याने नोंदवले आहेत. हाच खाफीखान लिहितो, की शिवाजीची सक्त आज्ञा होती : मशिदीला, कुराणाला किंवा कोणाच्याही स्त्रीला उपद्रव देऊ नये. कुराणाची प्रत हाती लागली, तर ती आदराने आपल्या एखाद्या मुसलमान सेवकास द्यावी. स्त्रिया हाती लागल्या, तर त्यांचे नातेवाईक सोडवून नेईपर्यंत त्यांचे रक्षण करावे. कथेत एका स्त्रीची पाठवणी आहे. खाफीखानाच्या साक्षीत संपूर्ण सैन्यासाठी घालून दिलेला नियम आहे. विरोधकाच्या समोर उभे राहून बोलायचे झाले, तर यांपैकी काय घेऊन जाल?

अफजलखानाच्या प्रकरणातही असेच घडते. दगा कोणी केला, हा वाद सव्वाशे वर्षे चालू आहे. ग्रँट डफपासून इंग्रज लेखकांनी दोष महाराजांवर टाकला, आणि आपल्याकडे त्याला उत्तर म्हणून पुष्कळ आवेशपूर्ण लेखन झाले. प्रतापगडची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १० डिसेंबरला, ईस्ट इंडिया कंपनीचा राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. खानाबरोबर दहा हजार घोडदळ-पायदळ होते असे तो सांगतो. एवढ्या बळाने शिवाजीचा पाडाव होणार नाही हे ओळखून विजापूरच्या राणीनेच खानाला मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला दिला, असेही तो लिहितो. शिवाजीला ते बातमीवरून कळले की संशयाने, हे आपल्याला ठाऊक नाही, असेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो. रेव्हिंग्टनला महाराजांविषयी जिव्हाळा असण्याचे काही कारण नव्हते. पुढच्याच वर्षी तो पन्हाळ्याच्या वेढ्यात विजापूरकरांच्या बाजूने तोफा घेऊन आला. म्हणूनच त्याची साक्ष वजनदार ठरते. आवेशाच्या शंभर पानांनी जे साधले नाही, ते एका परक्या व्यापाऱ्याच्या चार ओळींनी साधते. अट एकच, की त्या ओळी कोणीतरी शोधून, तारखेसह, योग्य जागी ठेवायला हव्यात.

हे ‘योग्य जागी ठेवणे’ म्हणजे मेहेंदळे यांचा ‘श्री राजा शिवछत्रपती’ हा ग्रंथ. १९९६ मध्ये तो दोन भागांत प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार पृष्ठे आणि हजारो तळटिपा. एकेका विधानाखाली आधारांची रांग. कोणता आधार ग्राह्य, कोणता उत्तरकालीन, कोणता बनावट, याची चर्चा. ग्रंथ वाचायला सोपा नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. काही पानांवर मजकुराच्या दोन ओळी आणि खाली टिपांचे अरण्य अशी अवस्था आहे, आणि कथेची ओढ त्या अरण्यात हरवते. बाबासाहेब पुरंदऱ्यांचे शिवचरित्र घरोघर पोहोचले, रणजित देसाईंची कादंबरी प्रवासात वाचली गेली. मेहेंदळे यांचे खंड ग्रंथालयाच्या कपाटात मानाने उभे राहिले. मानाने आणि पुष्कळदा न उघडता. यात लेखकाचा दोष किती आणि आपला किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वर्षातून दोनदा जयंती साजरी करणाऱ्या समाजाने त्या जयंतीच्या नायकाचे सर्वांत कसोशीने लिहिलेले चरित्र किती घरांत ठेवले, हा प्रश्न अवघडच आहे.

२०११ मध्ये त्यांनी इंग्रजीत ‘शिवाजी : हिज लाइफ अँड टाइम्स’ लिहिले. त्यामागचे कारण उघड आहे. महाराजांविषयी जगात जे वाचले जाते ते इंग्रजीत, आणि मराठी कागदांपर्यंत न पोहोचलेल्या मंडळींनीच ते बहुतांशी लिहिलेले. त्यांना उत्तर द्यायचे तर त्यांच्याच भाषेत, आणि घोषणेने नव्हे तर आधाराने द्यायला हवे होते. टिपू सुलतानावरचे त्यांचे पुस्तकही त्याच शिस्तीतले. उत्तरायुष्यात दुसऱ्या महायुद्धाच्या अभ्यासाने त्यांना वेढले होते. संरक्षणशास्त्राचा विद्यार्थी जणू फिरून आपल्या मूळ विषयाकडे आला होता. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मराठी खंडांतले कथन अफजलखानाच्या वधापाशी थांबते. एखाद्या नाटककाराने पडदा तेथेच पाडला असता. युद्धाभ्यासकाला मात्र खरे औत्सुक्य तेथून पुढे असते. खान पडला, त्याची छावणी लुटली गेली. एखाद्या सामान्य सेनानीने विजयाचा सोहळा केला असता. महाराजांनी घोडी दक्षिणेकडे वळवली. वाई, कऱ्हाड, कोल्हापूरच्या बाजूचा मुलूख विजापूरला सावरायला उसंत न देता घेतला गेला, आणि २८ नोव्हेंबरला, प्रतापगडानंतर अठराव्या दिवशी, पन्हाळ्यासारखा किल्ला स्वराज्यात आला. भेटीच्या दिवसाआधीच या दौडीची सिद्धता झाली नसती, तर अठरा दिवस पुरले नसते. त्या अठरा दिवसांची हकिकत मेहेंदळे यांच्या लेखणीतून वाचायची, तर इंग्रजी ग्रंथ उघडावा लागतो.