दगडूबाई, अचला आणि आपले कागद



आपल्याकडे दगडूबाई, धोंडाबाई नावाच्या आज्या असतात. पोरं नाव ऐकून हसतात. पण ज्या घरात लेकरं जगत नव्हती, तिथं अशी नावं ठेवत. लेकरू दगडासारखं टिकावं, त्याला नजर लागू नये, एवढंच आईचं मागणं. अचला या नावातही तेच आहे. अचला म्हणजे न हलणारी, पृथ्वी. ध्रुव म्हणजे जागा न सोडणारा तारा.

लग्नात नवरीला ध्रुवतारा दाखवतात, तिनं सासरी स्थिर राहावं म्हणून. आणि बऱ्याच घरांत ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहितात. म्हणजे माणूस स्थिर हवं, नाव मात्र बदलायचं!

हौसेनं बदललं तर हरकत नाही. पण लग्नानंतर नाव, आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललं, तर आधार, पॅन, पासबुक सगळीकडे एकच नाव करून घ्या. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असलं की कर्ज अडतं, वारसनोंद रखडते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्यानं आईचं नाव आणलंय. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. म्हणजे तुमचं नाव आता लेकराच्या कागदावर कायम राहणार. ते बरोबर असायला हवं ना?

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपले कागद आणा. एकमेकींची नावं अक्षर-अक्षर ताडून बघू.