फरसबंद अंगण आणि लहान मूल

घराभोंवतीं थोडी मोकळी जागा असावी व तींत मुलांनीं बागडावें, ही शहरांतील प्रत्येक गृहस्थाची इच्छा असते. परंतु ती जागा हातीं आली कीं पहिलें काम होतें तें तिच्यावर फरशी बसविण्याचें. चिखल नको, गवत काढण्याचा त्रास नको, विंचूकिरडाची भीति नको. कारणें सारीं योग्यच असतात. मग कडेनें कुंड्या मांडल्या जातात, मधोमध तुळशीवृंदावन उभें राहतें आणि त्या जागेस बाग हें नांव मिळतें. घरांतील मूल त्या बागेंत दुडुदुडु धांवूं लागलें म्हणजे मात्र वडील माणसांच्या मुखीं एकच मंत्र सुरू होतो : "पळूं नकोस, पडशील!"

हा उपदेश व्यर्थ आहे. दोन वर्षांच्या मुलाचें मस्तक शरीराच्या मानानें मोठें व जड असतें, तोल अजून पुरता सांवरत नाहीं, आणि पडत पडतच तें चालावयास शिकतें. तें पडणारच हें गृहीत धरून, कोठें पडेल व कशावर पडेल याचा विचार वडिलांनीं करावयाचा असतो.

शहाबादी फरशी काय किंवा सिमेंटचे ठोकळे काय, त्यांचा दोष एवढाच कीं ते दबत नाहींत. १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जमिनीशीं पोहोंचतांना सेकंदास सुमारें ४.४ मीटर, म्हणजे तासास जवळजवळ १६ किलोमीटर होतो. हा वेग किती अंतरांत थांबतो, यावर आघाताचें बळ ठरतें. पडण्याच्या उंचीस थांबण्याच्या अंतरानें भागलें कीं आघात गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी किती पट झाला तें कळतें. समजा, फरशीवर डोकें ५ मिलिमीटरांत थांबलें. भागाकार येतो २००. तेंच वाळूंत ५ सेंटिमीटरांत थांबलें, तर २०. मूल तेंच, उंची तीच, भेद मात्र दहापट. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनींही हा भागाकार एकदां करून पाहावा. म्हणजे फरशीवर सतरंजी अंथरून निर्धास्त होण्याची संवय सुटेल.

याचा अर्थ सारी फरशी उखडावी असा नव्हे. तीनचाकी सायकल, भोंवरा, खडूनें आंखलेलीं लंगडीचीं घरें यांना टणक जमीनच लागते. सपाट जागीं धांवतांना गुडघा फुटतो आणि चार दिवसांत बराही होतो. खरें भय आहे तें उंचीवरून पडण्याचें. म्हणून झोपाळा, घसरगुंडी, चढावयाची शिडी हीं फरशीवर कधींही ठेवूं नयेत. तेवढ्या भागांतील फरशी काढावी, पाणी मुरेल अशी सोय करावी आणि धुतलेली, चाळलेली वाळू भरावी. अमेरिकेंतील सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणें ४ फुटांपर्यंतच्या उंचीसाठीं वाळूचा थर ९ इंचांचा हवा व तो साधनाच्या सर्व बाजूंस ६ फूट पसरलेला हवा. झोपाळ्याखालची वाळू पायांनीं उडून तेथें खड्डा पडतो. ती पुनः पुनः सारखी करावी लागते. रात्रीं वर ताडपत्री घालावी, नाहींतर शेजारची मांजरें त्या वाळूचा काय उपयोग करतील हें सांगावयास नको. एवढी जागा नसेल त्यानें झोपाळ्याचा मोह सोडावा, आणि कांहीं फरश्या काढून तेथें हरळी लावावी. ती वाळूइतकी मऊ नसली तरी दगडाहून बरी.

कुंड्यांची मांडणीही तपासावी. भिंतीशीं लहानमोठ्या कुंड्या उतरंडीसारख्या रचल्या, तर शोभा येते खरी, पण मुलाला तो जिना होतो. वृंदावनाचे व कट्ट्याचे धारदार कोपरे गवंड्याकडून गोल करून घ्यावेत. कण्हेर व पिवळी बिट्टी हीं झाडें विषारी आहेत. हातांत येईल तें तोंडांत घालणाऱ्या मुलाच्या बागेंत त्यांना स्थान नाहीं.

पावसाळ्यांत फरशीवर शेवाळें धरतें. तें काढण्यासाठीं पुष्कळ घरांत ॲसिड ओततात, तें टाळावें. शहाबादी दगड चुनखडीचा असल्यामुळें ॲसिड त्यास खातें. शिवाय तेथें ब्लीचिंग पावडर पडलेली असेल, तर दोहोंच्या संयोगानें विषारी वायु निघतो. ब्लीचिंग पावडर एकटीच, पाण्यांत कालवून, खराट्यानें घांसली तरी काम होतें. मात्र तेवढा वेळ मुलें घरांत ठेवावीं आणि मागून भरपूर पाणी ओतावें.

शेवटची गोष्ट हौदाची. कुंड्यांना पाणी घालण्यासाठीं भरून ठेवलेली बादलीही यांतच येते. डोकें जड असल्यामुळें वांकून पाहणारें मूल उलटें आंत जातें आणि त्यास परत उठतां येत नाहीं. दोन इंच पाणीही त्याच्या प्राणावर बेततें. अशा वेळीं ओरडणें बहुधा ऐकूं येतच नाहीं. हौदास घट्ट झांकण व त्यास कडी असावी, आणि झाडांना पाणी घालून झालें कीं बादली तिथेंच पालथी घालावी.