मतं दिली, आता हिशेब मागू
(पुण्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी भाषणवाला माणूस नाही. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, मॅट्रिक झालोय, रात्री डोळा लागला नाही तर कविता लिहितो. तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. जे डोळ्यांनी बघतो तेच सांगणार.

आमच्या टोळीत दोघं सख्खे भाऊ आहेत. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. एका शिवसेनेच्या दोन झाल्या. थोरला इकडं, धाकटा तिकडं. दोघांचे डबे वेगळे झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. ज्यांच्या भ्रष्टाचारावर काल सभा गाजवल्या, तेच मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसले. वरच्यांची सोयरीक जमली, पण आमचे हे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. साला, ओझं मात्र दोघांना मिळूनच उचलावं लागतं. एकानं हात सोडला की दुसऱ्याच्या पाठीत भरते.

पेपरवाले याला ध्रुवीकरण म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं म्हंजे भांडण आपल्याला, खुर्ची त्यांना.

पक्ष बदलणाऱ्यांसाठी १९८५ पासून कायदा आहे. शिवसेनेच्या फुटीचा निकाल विधानसभेच्या अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिला. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. म्हंजे सगळेच बरोबर! मग ज्यानं उन्हात रांग लावून मत दिलं तो कोण? त्याला कुणी विचारलं?

आता तुमच्या पुण्याचं बघा. मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट वारले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरा, असं कायदा सांगतो. निवडणूक झाली नाही. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयानं ती घ्यायला सांगितली, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. मतदान झालं ते थेट १३ मे २०२४ ला. वर्षाच्या वर पुण्याला खासदार नव्हता. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, पुढची निवडणूक जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. बंगलेवाल्याचं काम फोनवर होतं. नळासाठी, गटारासाठी, दाखल्यासाठी ज्याला नगरसेवकाचं दार ठोठवावं लागतं, तो वस्तीतला माणूस कुणाकडं जाणार होता?

ही दरी आजची नाही. ती याच शहरात, येरवड्याच्या तुरुंगात खणली गेली. १९३२ च्या निवाड्यात आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ होते, प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा. गांधीजींनी उपोषण मांडलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ७१ च्या १४८ जागा झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. जागा दुपटीनं वाढल्या आणि त्या जागेवर कोण बसणार हे ठरवणारं शेवटचं मत आपल्या एकट्याचं राहिलं नाही. तेव्हापासून राखीव जागेवरचा माणूस आधी तिकीट देणाऱ्याकडं बघतो, मग वस्तीकडं.

दुसऱ्यांना शिव्या घालून आपण सुटत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला. त्याचे किती गट झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. १९९८ ला काँग्रेसशी समझोता करून का होईना, पण एकत्र लढलो तर चार खासदार खुल्या जागांवरून दिल्लीला गेले. पुन्हा नेत्यांनी वाटा धरल्या. गट नेत्यांचे झाले, फुटल्या मात्र आपल्या आळ्या.

कुणी म्हणेल, मग मतच देऊ नका. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरनं बहिष्कार पुकारला होता. वरळी पेटली, मोर्चात भागवत जाधव शहीद झाला, काँग्रेसची जागा पडली. तो बहिष्कार रस्त्यावरचा होता. घरात पंखा लावून झोपणं म्हंजे बहिष्कार नव्हे. तुम्ही झोपलात तर त्यांचं ओझं हलकं होतं, एवढंच.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी बजावलं होतं की मतात समानता आणि जगण्यात विषमता हा विरोध फार दिवस चालायचा नाही. आपण मताची समानता घेतली आणि पाच वर्षांतल्या एका दिवसापुरती ठेवली. उरलेल्या दिवसांचं काय?

म्हणून एकच काम सांगतो. २००९ पासून महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आहे. त्या भागातल्या मतदारांची सभा, नगरसेवकानं समोर बसायचं. तुमच्यापैकी किती जण अशा सभेला गेलेत? हात वर करा. बघा. उद्या वस्तीतल्या पन्नास जणांच्या सह्या घ्या, त्यात सगळ्या झेंड्यांची माणसं घ्या, आणि सभा मागा. नाही घेतली तर त्याच्या दारात बसा. पाणी, संडास, घरं यांचा हिशेब विचारा. नळाला पाणी आलं नाही तर ते दोन्ही भावांच्या घरी येत नाही.

मी परत जाऊन त्या दोघांना हेच सांगणार आहे. ऐकतील की नाही माहीत नाही. पण सांगणार.

जय भीम.