वंशावळ, शिफारसपत्र आणि नव्या करारातील सेवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ख्रिस्ती धर्मातील सेवकपणाचा विषय ज्ञातीच्या संमेलनात कशाला, अशी शंका कित्येकांच्या मनात आली असेल. आपले मंडळ कुळांची माहिती जमविते, वंशवृक्ष छापते, होतकरू मुलांस शिफारसपत्रे देते. वंशावळ आणि शिफारसपत्र या दोन्ही वस्तूंचा बायबलात मोठा खल झालेला आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

देव आणि माणसे यांच्यात जडलेले बंधन, त्याला बायबल करार म्हणते. सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांशी झाला, तो जुना करार. त्यात देवसेवेचा अधिकार जन्मावर ठरे. पवित्र स्थानाच्या कामास लेवीचा वंश, आणि त्यातही याजक व्हायचे ते अहरोनाच्या कुळातलेच. परमपवित्र स्थानात एकटा मुख्य याजक जाई, तोही वर्षातून एका दिवशी. ही व्यवस्था तेजोहीन होती असे पौलही म्हणत नाही. मोशेच्या मुखावरील तेजाचा तो आदरानेच उल्लेख करतो.

पण एज्राच्या पुस्तकात एक हकीकत आहे, तीकडे आम्ही आपले मुद्दाम लक्ष वेधतो. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले, तेव्हा काही याजक घराण्यांस आपली वंशावळ सापडेना. त्यांचे याजकपण तेथेच थांबले. देवाचा कौल घेणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न त्यांनी खाऊ नये, असा हुकूम सुटला. सनद हरवलेल्या वतनदाराची आपल्याकडे जी अवस्था होई, तीच ही. भक्तीत उणीव नव्हती, आचरणात दोष सांगितलेला नाही; नोंद मिळाली नाही, एवढेच.

पुढे यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराची वार्ता दिली. तो अंतःकरणावर लिहिला जाणार होता, आणि लहानापासून थोरापर्यंत सर्वांस देवाची ओळख होणार होती. ख्रिस्ती लोक तो करार येशूच्या ठायी पूर्ण झाला असे मानतात. येशू यहूदा वंशातला. जुन्या नियमाने त्यास याजकपण मिळाले नसते, हे इब्री लोकांस पत्र लिहिणारा स्वतःच मोकळेपणाने सांगतो! त्या येशूने शिष्यांचे पाय धुतले. सेवकासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, त्याचा एक साधा अर्थ पंगतीत वाढणारा असा आहे. वाढप्याला कोणी कुळ विचारून मोठेपणा देत नाही; पानात काय पडले, हे जेवणारा पाहतो.

करिंथ शहरात या गोष्टीची कसोटी लागली. हे शहर ज्यूलियस सीझरने इ.स.पू. 44 मध्ये नव्याने वसविले, आणि तेथे आलेल्या वसाहतकऱ्यांत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. पौल तेथे दीड वर्ष राहिला. अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करून पोट भरीत असे. तुमच्यात कुलीन फारसे नाहीत, हे त्याने त्यांना स्पष्ट लिहिले आहे. पुढे शिफारसपत्रे बाळगणारे दुसरे उपदेशक आले आणि पौलाच्या अधिकाराविषयी कुजबूज सुरू झाली. वास्तविक कुळ दाखवायचे तर तो बन्यामिनाच्या वंशातला, परूशी, विद्वान. पण ते त्याने पुढे केले नाही. करिंथच्या लोकांनाच त्याने आपले पत्र म्हटले. त्यांची पालटलेली आयुष्ये कोणीही वाचून घ्यावीत. स्वतःस तो मातीचे भांडे समजे. करिंथच्याच किंख्रिया बंदरातील फीबी या स्त्रीसही तो मंडळीची सेविका म्हणून गौरवितो.

ख्रिस्ती समाजाने हे सदैव पाळले, असे मात्र नाही. गोव्यात चर्चचे बंधुसंघदेखील ज्ञातींप्रमाणे वेगळे राहिले. आपल्या महाराष्ट्रात उलट उदाहरण घडले, ते नारायण वामन टिळकांचे. ते 1861 साली ब्राह्मण कुळात जन्मले, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. जन्माचा मान सुटला, पण मिशनचा पगार आणि पद हीसुद्धा एक सनदच की! 1917 मध्ये त्यांनी तीही सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले. दरबार फार वाढला नाही. त्यांची पदे मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

मंडळ मोडावे, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्या माणसांच्या मदतीला मंडळ आहे, आणि ते राहावे. पण कुलवृत्तांताच्या समितीपुढे आज अशी काही घरे आहेत, की ज्यांचे कागद पुरात वा स्थलांतरात गेले. कोणी त्यांस 'संशयित' म्हणून निराळ्या यादीत घालण्याचे बोलतात. त्यांतील कित्येकांनी वसतिगृहासाठी वर्षानुवर्षे घरोघर वर्गणी फिरविली आहे, आणि त्या वसतिगृहात शिकलेली मुले या सभागृहात बसली आहेत. ही निराळी यादी छापू नये, असा ठराव आम्ही पुढील सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. अनुमोदनासाठी आपल्यापैकी कोणी उभे राहावे, ही विनंती.