चिठ्ठी नको, तयारी हवी



तालुक्याच्या गावातील तरुणाला मुलाखतीचे बोलावणे आले की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘तिथे ओळख कोणाची आहे?’ हा. तयारीचा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतच नाही. आईबापांना याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. बंद दाराआड चार माणसे दहा मिनिटांत मुलाचे भवितव्य ठरवितात आणि तेथे गुणांचीच कदर होते, अशी खात्री गरिबाला वाटावी असे फारसे घडलेले नाही.

हा संशय निराधार नव्हे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि घराण्याची, राहत्या ठिकाणाची चौकशी तेवढी झाली, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण मनमानीचे ठरविले आणि १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली. तो वाद प्रवेशाचा होता. १९८५ साली हरियाणातील नोकरभरतीच्या खटल्यातही न्यायालयाने मुलाखतीचे गुण अवाजवी ठरविले. केंद्र सरकारच्या क आणि ड गटांतील व ब गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती तर १ जानेवारी २०१६ पासून बंदच झाल्या.

तथापि खाजगी कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, कंत्राटी नेमणुका येथे मुलाखत आहेच. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण तिच्यावर अवलंबून आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या घरातील मुलगा जेवणाच्या टेबलावर जे सहज शिकतो, ते शेतमजुराच्या मुलीला या एका दिवसासाठी कमवावे लागते. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणे हा तिच्याकडे कालपर्यंत उद्धटपणा समजला जात होता!

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते आणि ते चिठ्ठी देण्याचे नव्हे. चिठ्ठी देणारा लोकप्रिय होतो हे खरे. परंतु चिठ्ठीने एकाला लागलेली जागा चिठ्ठी नसलेल्या दुसऱ्या गरिबाचीच गेलेली असते. शाखेच्या खोलीत एक शिक्षक, एक बँक कर्मचारी आणि कामगार संघटनेतील एखादा जुना साथी टेबलामागे बसवावा व उमेदवाराला खरोखरीच्या मुलाखतीसारखे प्रश्न विचारावेत. जाहिरात शब्दशः वाचून घ्यावी. पद कोणते, काम कोणते, ती संस्था काय करते, हे उमेदवाराला स्वतःच्या भाषेत सांगता आले पाहिजे. येत नसेल ते ‘ठाऊक नाही’ असे सरळ म्हणण्याचाही सराव लागतो. थापा अनुभवी माणसाला तत्काळ कळतात. नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्यास मुलाखतही मराठीतून देता येते, हे अनेकांच्या कानावर गेलेले नसते.

कागदपत्रांचा घोळ याहून घातक. जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर दाखला यांच्यासाठी बोलावणे आल्यावर धावाधाव करणे म्हणजे लेखी परीक्षेत कमावलेले गमावणे होय. अर्ज आधीच गेले पाहिजेत. खाजगी ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, प्रती द्याव्यात. मूळ कागद मालकाच्या कपाटात ठेवून येऊ नये.

मुलाखत आटोपली की बहुतेकजण नशिबाच्या हवाली होतात. त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न वहीत उतरवावेत. पुढच्या उमेदवाराला ती वही उपयोगी पडते. सांगितलेली मुदत उलटल्यावर दोन ओळींचे सभ्य पत्र पाठवून निर्णय विचारावा, त्यात लाचारी नाही. निवड झाली तर पद, वेतन, परिवीक्षेचा काळ आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात नेमणूकपत्रात लेखी आहे की नाही, हे रुजू होण्यापूर्वी पाहावे. ‘आधी कामाला लागा, कागद मागाहून देऊ’ या आश्वासनावर कितीतरी तरुणांची वर्षे फुकट गेली आहेत.

सरकारी भरतीत निवड झाली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपले गुण मागता येतात. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. ते न मिळाल्यास अपील करता येते. मुलाखत घेणाऱ्यांची नावे मात्र देण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले आहे. म्हणून अर्जात व्यक्तीविरुद्धचा राग ओतू नये, गुणांचाच तपशील मागावा.

नकाराचे पत्र आलेला मुलगा आठ-आठ दिवस पारावर फिरकत नाही. आपणच नालायक ठरलो, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. त्याच्या घरी त्या आठवड्यातच जावे आणि जाताना माहिती अधिकाराच्या अर्जाचा कोरा नमुना बरोबर न्यावा.