मुलींच्या रांगेतील शिक्षा
(प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



सकाळपासून आपण वाचनपाठ, गणिताची साधने आणि पटावरील उपस्थिती यांविषयी पुष्कळ ऐकले. मी जो विषय मांडणार आहे, तो कोणत्याही तक्त्यात भरावयाचा नाही. तथापि तो आपल्या प्रत्येकाच्या वर्गात रोज घडत असतो, म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

एक शिक्षा आपल्यापैकी बहुतेकांनी दिली असेल. निदान विद्यार्थिदशेत पाहिली तरी असेल. एखादा मुलगा फार बडबड करू लागला की गुरुजी म्हणतात, "ऊठ, आणि मुलींच्या रांगेत जाऊन बैस." वर्ग हसतो, मुलगा मान खाली घालतो, आणि शांतता होते. छडी नको, ओरडणे नको. इतकी सोपी शिक्षा दुसरी नाही, असे मलाही कित्येक वर्षे वाटत असे. मात्र त्या रांगेत आधीपासून बसलेल्या मुली यातून काय शिकल्या, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. त्यांचा काही अपराध नव्हता. तरीही त्या एक धडा शिकल्या : आपल्या शेजारी बसावे लागणे ही शिक्षा असते.

आता याची दुसरी बाजू पाहा. गावातील एखादी मुलगी आंब्यावर सरसर चढते, कबड्डीत मुलांना लोळविते, केस आखूड ठेवते. लोक कौतुकाने म्हणतात, "पोरगी कसली, पोरगाच आहे!" बापही ते अभिमानाने सांगतो. त्याच गल्लीतील एखादा मुलगा सागरगोटे खेळतो, अंगणात रांगोळी काढतो, आईजवळ बसून भाकरी थापावयास शिकतो. त्याला मात्र "बायल्या" हे नाव चिकटते. वस्तुतः दोघांनी केले ते एकच. समाजाने आखलेली रेघ दोघांनीही ओलांडली. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला कुचेष्टा, हे कसे?

याचे कारण त्या मुलांत नाही; आपल्या मनातील उतरंडीत आहे. त्या उतरंडीत पुरुष वर आणि स्त्री खाली अशी मांडणी आपण करून ठेविली आहे. म्हणून मुलगी मुलासारखी वागली की ती वर चढली असे आपण समजतो, आणि मुलगा मुलीसारखा वागला की तो खाली घसरला असे मानतो. "हातांत बांगड्या भरल्या आहेस काय?" असे आपण मुलाला विचारतो, तेव्हा अपमान त्या एकट्याचा होत नाही. ज्या आईने बांगड्या भरलेल्या हातांनी त्याला वाढविले, तिचाही होतो. मुलीच्या वाट्यास येणारे कौतुकही फार काळ टिकत नाही. ती बारा-तेरा वर्षांची झाली की तीच माणसे तिला "आता हे शोभत नाही" असे बजावतात. म्हणजे कौतुक तिचे नव्हतेच. तिच्यात क्षणभर दिसलेल्या मुलाचे होते.

कोणते काम बायकी आणि कोणते पुरुषी, हे तरी कोठे ठरलेले आहे? लग्नाच्या पंगतीसाठी चुलवणापुढे उभा राहणारा आचारी पुरुष असतो. बाजारपेठेत यंत्रावर कपडे शिवणारा शिंपीही पुरुषच असतो. त्यांना कोणी हसत नाही, कारण तेथे कामाचे दाम मिळतात. तेच काम घरात दामाविना केले, की ते बायकी ठरते.

आपली परंपरा याहून अधिक उदार आहे. ज्ञानेश्वरांना आपण 'माउली' म्हणतो, आणि पंढरीच्या वाटेवर मिशीवाले शेतकरी एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात. जनाबाईबरोबर विठ्ठल जाते ओढतो, ही कथा गावोगावी सांगितली जाते. त्यात देवाला कमीपणा आला असे कोणास वाटत नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या स्त्रीभूमिकांनी अवघा महाराष्ट्र मोहून गेला. 1964 साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. आपल्या उत्तर कोकणातील वारली चित्रकला पाहा. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिणे हे तेथे परंपरेने सुवासिनींचे काम. जिव्या सोमा मशे या पुरुषाने ती कला हाती घेतली, तिला लग्नघराबाहेर जगभर नेले, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या माणसाच्या हातून घडले की आपण त्याला कला म्हणतो. तेच तिसरीतल्या पोराने केले की आपण हसतो.

येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या उंबऱ्यापुढे तो ठिपक्यांची अशी रांगोळी काढी, की येणारा जाणारा थबकून पाही. मुलांनी त्याला नाव ठेविले होते. ते मला ठाऊक होते. मुलेच ती, असे म्हणून मी सोडून देई. एके दिवशी हजेरी घेताना, गंमत म्हणून, मीही त्याला त्याच नावाने हाक मारली. वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून त्या नावावर गुरुजींचा शिक्का बसला. मुलाने रांगोळी सोडली. पुढे शाळाही सोडली. दाखला न्यावयास त्याची आई आली. तिने तक्रार केली नाही. जाता जाता एवढेच म्हणाली, "गुरुजी, पोरं म्हनत व्हती तवर त्यो येत व्हता."

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला. त्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. माझ्या हातून ती चूक घडली तेव्हा हा कायदा नव्हता. म्हणून ती चूक लहान ठरत नाही.

असा मुलगा पुढे कोण होईल, अशी शंका काही पालक विचारतात. बहुधा तो चांगला स्वयंपाक करणारा नवरा किंवा हळुवार बाप होईल. एखादे मूल पुढे आपली ओळख वेगळी सांगेल, तर त्यालाही मान आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले आहेत. मुलाचे भविष्य वर्तविणे हे आपले काम नव्हे. ते निर्भयपणे शाळेत येत राहील, एवढे पाहणे हे आपले काम आहे.

यासाठी नवा खर्च किंवा नवे साहित्य लागत नाही. मुलींच्या रांगेत बसविण्याची शिक्षा आजपासून बंद करावी. किंबहुना निराळ्या रांगाच ठेवू नयेत. झाडलोट मुलींकडे आणि बाके उचलणे मुलांकडे, ही वाटणी मोडून कामे हजेरीपटाच्या क्रमाने द्यावीत. रांगोळी, लेझीम, कबड्डी, शिवण यांत ज्याला रुची असेल त्याला घ्यावे. "मुलासारखी धीट" असे न म्हणता नुसते "धीट" म्हणावे. कोणी कोणाला चिडविले तर ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. आणि अशा मुलाची चहाडी त्याच्या वडिलांपाशी कदापि करू नये. घरी त्याचा मार आपल्याला दिसत नाही.

बंधु-भगिनींनो, वर्गात मुले जे नाव उच्चारतात ते मैदानावर विरून जाण्याची शक्यता असते. आपण उच्चारलेले नाव मात्र मूल घरी घेऊन जाते. उद्या हजेरी घेताना प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारू या. उत्तरादाखल आलेला "हजर" हा शब्द पुढच्या वर्षीही ऐकू यावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.